सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक पहिल्यांदाच बघताय? इथून सुरुवात करा

मोठ्यांचा फुटबॉल विश्वचषक चार वर्षांतून एकदा येतो, आणि त्या महिनाभरात फुटबॉलशी एरवी संबंध नसलेली माणसंही रात्री जागतात. नंतर त्यातले बरेच जण विचारतात, आता पुढे काय बघायचं? माझं उत्तर ठरलेलं असतं: सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक. तो आता दरवर्षी होतो, त्यात ४८ देश खेळतात आणि त्यातला खेळ अजून कोऱ्या पाटीसारखा असतो. मुलं चुकतात, बिथरतात, पुढच्या पाच मिनिटांत अफाट काहीतरी करून दाखवतात. पण ही स्पर्धा मोठ्यांच्या विश्वचषकाच्या नजरेनं बघायला गेलात तर निराश व्हाल. ती कशी बघायची, हे टप्प्याटप्प्यानं सांगतो.

पहिली पायरी: कोणती स्पर्धा ते नीट ओळखा

फिफाचे कुमार गटातले विश्वचषक चार आहेत. मुलांचे सतरा आणि वीस वर्षांखालील, मुलींचेही तेच दोन. बातम्यांत यांची सतत सरमिसळ होते, त्यामुळे शीर्षकातलं वय आणि गट आधी तपासा. शिवाय प्रत्येक खंडाची स्वतःची कुमार स्पर्धा असते. आशियाची सतरा वर्षांखालील स्पर्धा म्हणजे विश्वचषकाचा दरवाजा. ती वेगळी, विश्वचषक वेगळा.

मुलांच्या स्पर्धेची सुरुवात १९८५ मध्ये चीनमध्ये झाली. तेव्हा मर्यादा सोळा वर्षांची होती. अंतिम सामन्यात नायजेरियानं पश्चिम जर्मनीला २-० असं हरवलं. १९९१ पासून मर्यादा सतरावर गेली, २००७ मध्ये संघ २४ झाले. दोन वर्षांतून एकदा होणारी ही स्पर्धा २०२५ पासून वार्षिक झाली, संघ दुप्पट होऊन ४८ झाले आणि २०२९ पर्यंतच्या पाचही स्पर्धांचं यजमानपद कतारकडे गेलं. मुलींची स्पर्धाही वार्षिक झाली आहे. तिच्यात २४ संघ असतात आणि २०२९ पर्यंत ती मोरोक्कोत आहे.

नायजेरियाची पाच विजेतेपदं, ब्राझीलची चार. हे दोन आकडे सुरुवातीला पुरेत.

दुसरी पायरी: संघाची यादी उघडा आणि जन्मतारखा वाचा

नवखा प्रेक्षक हे कधी करत नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त हेच करावं. स्पर्धा सुरू होण्याआधी प्रत्येक संघाची २१ खेळाडूंची यादी जाहीर होते. तिच्यात जन्मतारखेचा रकाना असतो.

नियम सरळ आहे. २०२५ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. २०२६ साठी ती तारीख १ जानेवारी २००९. आता यादीत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये जन्मलेले किती आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले किती, ते मोजा. बहुतेक संघांत पहिल्या तिमाहीतली मुलं बरीच जास्त दिसतील. कारण उघड आहे. एकाच वयोगटात जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा असतो. बारा-तेराव्या वर्षी हे एक वर्ष उंचीत, ताकदीत, वेगात लगेच दिसतं. निवड करणारे त्यालाच गुणवत्ता समजतात, त्याला चांगलं प्रशिक्षण मिळतं, आणि अंतर वाढत जातं. त्यामुळे एखाद्या संघात नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेला बारीक चणीचा मुलगा पहिल्या अकरांत दिसला, तर त्याच्यावर खास नजर ठेवा. शरीरानं मोठ्या असलेल्यांच्या गर्दीतून तो केवळ खेळाच्या जोरावर वर आलेला असण्याची शक्यता मोठी. शिवाय त्याच यादीत नियमापेक्षा वर्षभरानं लहान खेळाडूही सापडतात. त्यांच्या नावापुढे खूण करून ठेवा, कारण स्पर्धा वार्षिक झाल्यामुळे पुढच्या वर्षी ते पुन्हा पात्र असू शकतात.

वयचोरीचा प्रश्न या स्पर्धेला पहिल्यापासून चिकटलेला आहे. २००९ पासून फिफानं सतरा वर्षांखालील स्पर्धेत मनगटाच्या एमआरआय तपासणीचा वापर सुरू केला. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाला वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो. वाढ संपते तसा तो हाडात पूर्ण मिसळून जातो. सतराव्या वर्षापर्यंत तो पूर्ण मिसळलेला असणं फार क्वचित घडतं, म्हणून तसा दिसला तर खेळाडूच्या वयाबद्दल शंका घेतली जाते. या तपासणीमुळे प्रश्न समूळ मिटला असं नाही, पण कागदावरच्या जन्मदाखल्यावर सगळं सोपवण्याचे दिवस गेले.

तिसरी पायरी: बाद फेरीचं गणित २०२५ च्या ब गटावरून शिका

रचना अशी. ४८ संघ, चार-चार संघांचे १२ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या बारा संघांतले सर्वोत्तम आठही. असे ३२ संघ बाद फेरीत. तिथून पुढे हरला तो घरी.

यातला ‘सर्वोत्तम आठ तिसरे’ हा भाग नवख्यांना गोंधळात टाकतो. २०२५ मधला ब गट बघा: जपान, पोर्तुगाल, मोरोक्को आणि न्यू कॅलेडोनिया. मोरोक्को पहिल्या सामन्यात जपानकडून २-० हरला, दुसऱ्यात पोर्तुगालकडून तब्बल ६-०. दोन सामने, शून्य गुण, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) उणे आठ. अशा संघाचं सामान कोणीही बांधून टाकेल. तिसरा सामना न्यू कॅलेडोनियाशी होता आणि मोरोक्कोनं तो १६-० असा जिंकला. स्पर्धेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय. आधीचा विक्रम १९९७ मध्ये स्पेननं न्यूझीलंडवर मिळवलेल्या १३-० विजयाचा होता. तीन गुण झालेच, पण गोलफरक उणे आठवरून अधिक आठवर गेला. तीन गुण असलेल्या तिसऱ्या संघांत एवढा गोलफरक कोणाचा असणार? मोरोक्को बाद फेरीत गेला, अमेरिकेला पेनल्टींवर आणि मालीला ३-२ असं हरवून थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. तिथे ब्राझीलनं त्याला २-१ नं रोखलं.

म्हणून गटातल्या शेवटच्या फेरीत ५-० ची आघाडी असतानाही मुलं जाळ्यातला चेंडू घेऊन मध्यरेषेकडे धावताना दिसली, तर त्यांना उद्धट समजू नका. प्रत्येक गोलाला भाव असतो.

त्याच गटाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ज्या न्यू कॅलेडोनियानं सोळा गोल खाल्ले, त्याच संघानं तीनच दिवस आधी जपानला ०-० असं रोखलं होतं. आणि त्या जपाननं पोर्तुगालला २-१ नं हरवलं. गटात दुसरा आलेला तो पोर्तुगाल पुढे उपांत्य फेरीत ब्राझीलला पेनल्टींवर हरवून, अंतिम सामन्यात ऑस्ट्रियावर १-० अशी मात करून जगज्जेता झाला. या वयात एका सामन्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सामन्याच्या नियमांत दोन गोष्टी वेगळ्या. बाद फेरीत नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असेल तर जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी शूटआउट. मुलांच्या शरीरावर ताण पडू नये म्हणून हे योग्यच आहे, पण त्यामुळे शेवटची दहा मिनिटं फार चुरशीची होतात: कमकुवत संघ पेनल्टींपर्यंत तग धरायला बघतो. दुसरं म्हणजे मोठ्या स्पर्धांतल्या व्हीएआरऐवजी (चित्रफीत बघून मैदानावरच्या पंचांना मदत करणारे वेगळे पंच) इथे प्रशिक्षकांना दाद मागण्याची सोय दिली आहे. एखादा निर्णय चुकला असं वाटलं तर प्रशिक्षक फेरतपासणी मागतो आणि पंच मैदानाकडेच्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा बघतात. प्रत्येक संघाला सामन्यात अशी मागणी दोनदाच करता येते. ती बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते. क्रिकेटमधला डीआरएस बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: तीन संघ निवडा, ब्राझील त्यात नसला तरी चालेल

४८ संघांचे १०४ सामने कोणीच बघू शकत नाही. २०२५ मध्ये गटफेरीचे सामने दोह्याच्या ॲस्पायर संकुलातल्या एकमेकांलगतच्या मैदानांवर, दिवसाला आठ, असे झाले. त्यामुळे निवड करावीच लागते. माझा सल्ला: एक संघ आफ्रिकेचा, एक आशियाचा, एक युरोप किंवा दक्षिण अमेरिकेचा.

आफ्रिकेतून मालीचं नाव मी आग्रहानं सुचवतो. माली मोठ्यांच्या विश्वचषकात एकदाही पात्र ठरलेला नाही. पण या वयोगटात २०१५ चा उपविजेता, २०१७ मध्ये चौथा, २०२३ मध्ये अर्जेंटिनाला ३-० हरवून तिसरा. मुलं तयार करण्याचं काम तिथे किती मन लावून होतं आणि पुढे ती मुलं युरोपच्या क्लबांत कशी पांगतात, हे एका देशाच्या निमित्तानं बघायला मिळतं.

आशियातून जपान घ्या, उझबेकिस्तान घ्या. मुलींच्या स्पर्धेत मात्र उत्तर कोरिया चुकवू नका. २०२४ आणि २०२५ असे लागोपाठचे दोन विश्वचषक त्यांनी जिंकले, आणि २००८ मधला अगदी पहिलाही त्यांचाच.

गतविजेत्यावर मात्र फार विसंबू नका. २०१३ आणि २०१५ चा विजेता नायजेरिया २०१७ च्या स्पर्धेला पात्रच ठरला नाही. मोठ्यांच्या संघात तेच खेळाडू आठ-दहा वर्षं दिसतात. इथे पूर्ण पिढीच बदलते. जर्सी तेवढी तीच असते.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष सामना बघताना

दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे सामने आपल्याकडे संध्याकाळी आणि रात्री सोयीच्या वेळी पडतात. मोठ्यांच्या विश्वचषकासारखी पहाटेपर्यंत जागरणं नाहीत. वेळापत्रक फिफाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि प्रक्षेपण कुठे आहे हे दरवर्षी नव्यानं तपासा; हक्क बदलत असतात.

सुरुवातीची दहा मिनिटं चेंडूच्या मागे डोळे पळवू नका. एक मधल्या फळीतला खेळाडू धरा आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघा. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघतो का? पास दिल्यावर उभा राहतो की जागा बदलतो? सोळा-सतराव्या वर्षी ज्याला ही सवय आहे, त्याचा पाया पक्का आहे.

मग गोल पडल्यानंतरची पाच मिनिटं. कुमार फुटबॉलचा खरा कस इथे लागतो. अनुभवी संघ गोल खाल्ल्यावर खेळ थंड करतात, मुलांना ते अजून जमत नाही. २०१७ चा अंतिम सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ६६,६८४ प्रेक्षकांसमोर झाला. स्पेन अर्ध्या तासाच्या आसपास २-० नं पुढे होता. मध्यंतराच्या तोंडावर इंग्लंडच्या रीअन ब्रूस्टरनं एक गोल फेडला, आणि उत्तरार्धात स्पेनचा संघ अक्षरशः विस्कटला. सामना संपला तेव्हा इंग्लंड ५-२. फिल फोडननं त्यात दोन गोल केले आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. ब्रूस्टर आठ गोलांसह सर्वाधिक गोल करणारा ठरला. तो सामना पूर्ण बघायला मिळाला तर जरूर बघा, आणि दुसऱ्या स्पॅनिश गोलापासून तिसऱ्या इंग्लिश गोलापर्यंतच्या काळात स्पेनची बचावफळी किती मागे मागे सरकत गेली, तेवढंच एकदा तपासा.

गोलरक्षकांबद्दल थोडी सहानुभूती ठेवा. या वयात सगळ्यात उघड चुका त्यांच्याच होतात, आणि त्या लपवायला त्यांच्या मागे कोणी नसतं.

सहावी पायरी: ‘पुढचा मेस्सी’ शोधू नका

समालोचक तेच सांगत राहतील. ऐका आणि सोडून द्या.

२००९ ची स्पर्धा नायजेरियात झाली. ब्राझीलच्या संघात नेमार होता, कुटिन्यो होता, कॅसेमिरो आणि गोलरक्षक ॲलिसन होते. तो संघ गटातच बाद झाला. मेक्सिको आणि स्वित्झर्लंड, दोघांकडून १-० असा हरला. विजेतेपद मिळवलं त्या स्वित्झर्लंडनंच, ज्यांच्याकडे तेव्हा कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला नायजेरियाचा सानी इमॅन्युएल, आणि मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये त्याचं नाव नंतर फारसं ऐकू आलं नाही. १९९१ मध्ये हाच मान मिळवणाऱ्या घानाच्या निई लॅम्प्टीचीही कहाणी अशीच. याउलट २००३ मध्ये सेस्क फॅब्रेगास, २००७ मध्ये टोनी क्रूस हे या स्पर्धेतले सर्वोत्तम खेळाडू आणि पुढे जगज्जेत्या संघांचे आधारस्तंभ. २०१५ मध्ये दहा गोल करणारा व्हिक्टर ओसिमेनही पुढे मोठा झाला.

म्हणजे भाकीत करायला आधार नाही. शरीराची वाढ, दुखापती, चुकीचा क्लब, घरची परिस्थिती, एजंटांचा लोभ, कितीतरी गोष्टी मध्ये येतात. सोळा वर्षांच्या मुलावर मोठ्या नावाचं ओझं टाकण्यात प्रेक्षकांचाही हात असतो, हे मी फार मनापासून सांगतो. आज त्यानं सुंदर खेळ केला ना, मग आजचा खेळ बघा. समाजमाध्यमांवर त्याच्या चुकलेल्या पेनल्टीची चित्रफीत फिरवत असाल तर ती आधी थांबवा. तो शाळेत जाणारा मुलगा आहे.

सातवी पायरी: भारताचा हिशेब समजून घ्या

भारत मुलांच्या विश्वचषकात आजवर एकदाच खेळला, २०१७ मध्ये, यजमान म्हणून. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि नवी मुंबई अशा सहा शहरांत सामने झाले. एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक मैदानांवर आले. १९८५ पासून चीनच्या नावावर असलेला उपस्थितीचा विक्रम मोडला. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इराणनं जर्मनीची ४-० अशी दाणादाण उडवली, आणि स्पेन-माली उपांत्य सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला.

भारताच्या २१ जणांत आठ खेळाडू एकट्या मणिपूरचे होते. आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. निकाल असे: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण ९ ऑक्टोबरच्या कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. बरोबरी जेमतेम एक मिनिट टिकली आणि कोलंबियानं दुसरा गोल केला. गोल पडल्यानंतरची पाच मिनिटं बघा असं वर म्हटलं, त्याचं हे आपल्या घरचं उदाहरण.

मुलींचा विश्वचषक २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. भारतीय मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या. अंतिम सामना नवी मुंबईत, स्पेन विजेता, कोलंबिया उपविजेता. कोलंबियाच्या त्या संघात लिंडा कैसेडो होती, जी पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात गाजली.

आता पुढचं. यजमानपदाशिवाय पात्र व्हायचं तर भारताला आशियाई स्पर्धेतून जावं लागतं. आधी पात्रता फेरी, मग १६ संघांची मुख्य स्पर्धा. २०१८ मध्ये मलेशियात गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालचा संघ गटात एकही गोल न खाता उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. तिथे दक्षिण कोरियाकडून ०-१ असा हरला आणि विश्वचषक एका सामन्यानं हुकला, कारण तेव्हा आशियातून फक्त उपांत्य फेरीतले चार संघ जात. २०२५ पासून आशियाच्या जागा यजमान कतार सोडून आठ आहेत. म्हणजे २०१८ ची तीच कामगिरी आज केली तर भारत विश्वचषकात असेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादेत इराणला २-१ हरवून भारतानं २०२६ च्या आशियाई स्पर्धेचं तिकीट मिळवलं, तेव्हाही प्रशिक्षक फर्नांडिसच होते.

यासाठी मोबाइलवर तीन गोष्टींची आठवण लावून ठेवा: आशियाई पात्रता फेरीची गटवारी, मुख्य स्पर्धेची सोडत, आणि भारताचा गटातला दुसरा सामना. बहुतेक वेळा चित्र दुसऱ्या सामन्यात स्पष्ट होतं.

आठवी पायरी: मैदानावर जा

पडद्यावर वेग कळत नाही. म्हणून वर्षातून काही सामने तरी जवळच्या मैदानावर बघा. सुब्रतो चषक ही शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवरून संघ दिल्लीला जातात, आणि त्यात सतरा वर्षांखालील मुलं आणि मुली दोन्ही खेळतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे चौकशी केली की तारखा कळतात. मुंबईत कूपरेज, कोल्हापुरात शाहू स्टेडियम, गोव्यात फातोर्डा आणि म्हापशाचं दुलेर या मैदानांवरच्या वयोगट स्पर्धांची माहिती स्थानिक फुटबॉल संघटनांकडे मिळते.

जाताना पाणी आणि टोपी घ्या, कारण असे सामने बऱ्याचदा भर उन्हात असतात. शक्य असेल तर गोलपोस्टच्या मागे, जरा उंचावर बसा. तिथून बचावफळीची रांग कशी हलते ते दिसतं. मुलांना बाहेरून सूचना ओरडू नका. ते काम प्रशिक्षकाचं. परवानगीशिवाय कुणा मुलाचे फोटो काढून टाकू नका. आणि सामना संपल्यावर हरलेल्या संघासाठीही टाळ्या वाजवा, त्या त्यांना ऐकू जातात.